फाइल आली, अक्षरं मागेच राहिली

मागच्या महिन्यात आमच्या मदन महलमधल्या एका काकांनी नवा कॉम्प्युटर घेतला. जुना २००४ सालचा, विंडोज एक्सपीवर चालणारा. एक्सपीची देखभाल कंपनीनं २०१४ सालीच थांबवली, पण काकांचं काही अडत नव्हतं. त्यांचं त्यावर कामच एक होतं. काकू हयात असताना त्या सांगायच्या आणि काका टाइप करायचे: पाककृती, सणांच्या रीती, नागपूरहून लग्न होऊन जबलपूरला आल्यापासूनच्या आठवणी. २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंपही त्यात आहे. त्या धक्क्यातही किल्ल्याजवळचा तोललेला दगड ढळला नाही, हे आपण इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. काकूंच्या फडताळातून काय काय खाली आलं, ते मात्र या फाइलीखेरीज कुठेच लिहिलेलं नाही.

दुकानातल्या मुलानं पेन ड्राइव्हनं सगळं नव्या मशीनवर आणून दिलं. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ‘अंकल, फाइल करप्ट हो गई,’ असं म्हणून त्यानं जुनी डिस्क फॉरमॅट करून देऊ का, असंही विचारलं. काका नको म्हणाले आणि मला फोन केला.

फाइल बिघडलेलीच नव्हती. तुमच्या घरीही पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाइप केलेलं काही असेल, तर हे नीट वाचा. काका नोकरीत रेमिंग्टन टाइपरायटरवर हिंदी टायपिंग शिकले. त्याच कळांच्या सवयीवर चालणारा फॉन्ट म्हणजे कृतिदेव, आणि आमच्याकडे तोच सगळीकडे. म्हणून काकूंचं मराठीही कृतिदेवमध्येच उतरलं. अशा जुन्या फॉन्टच्या फाइलीत देवनागरी अक्षर साठवलेलं नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर. फॉन्ट त्यावर देवनागरीचं चित्र चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मदन’ लिहिलं की फाइलीत जातं ई, एन, यू. ‘महल’ लिहिलं की ई, जी, वाय. फॉन्ट असेल तर मदन महल दिसतं, नसेल तर नुसतं ‘एनू एगी’! तुमच्या मोबाइलवरचं मराठी युनिकोडमध्ये असतं. त्यात ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठल्याही फोनवर ‘म’च दिसतं.

तेव्हा फाइलींबरोबर फॉन्टही आणायचा. एक्सपीमध्ये सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचा फोल्डर असतो. त्यातला आपला फॉन्ट पेन ड्राइव्हवर घ्या, नव्या मशीनवर त्याच्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हणा. आम्ही तसं केलं, फाइल पुन्हा उघडली आणि चिवड्याच्या जागी ‘पुडाच्या वड्या’ हे शब्द आले. काका चष्मा पुसत बसले. मी उगाच माउस हलवत राहिलो.

आता बाकीचं थोडक्यात. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला घ्या, तो एक्सपीला हमखास कळतो. मात्र त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही. नुसतं माय डॉक्युमेंट्स उचलू नका. डेस्कटॉपवर ठेवलेल्या वस्तू वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि घरातली निम्मी माणसं सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात. मशीन सुरूच होत नसेल तर डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरनं नव्याला जोडता येते, पण जुनी रुंद पट्टीच्या वायरची डिस्क की नंतरची साटा, हे पाहूनच अडॅप्टर घ्या. आणि नव्या मशीनवर प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडून वाचल्याशिवाय जुनी डिस्क कुणाच्याही हाती देऊ नका.

फॉन्ट बसवून काम भागतं, पण त्या एका मशीनपुरतंच. काकांच्या पुण्याच्या नातीला फोनवर वाचायचंय, म्हणून आधी प्रिंटमधून पीडीएफ केली. ती कुठेही जशीच्या तशी दिसते. मग मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये नेला, म्हणजे त्यात शोधता येतं, दुरुस्त करता येतं. कृतिदेवचे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात. मृत्युपत्र किंवा बँकेचे कागद मात्र अशा अनोळखी साइटवर चिकटवू नका. आणि आधी कळून घ्या की फॉन्ट नेमका कोणता होता. शिवाजी किंवा श्रीलिपीची फाइल कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातली तर वेगळाच चिवडा मिळेल.

बदललेला मजकूर डोळ्यांनी वाचावाच लागतो. मध्ये इंग्रजी शब्द असेल तर कन्व्हर्टर त्याचंही देवनागरी करून टाकतो. काकूंच्या केकमधलं ‘व्हॅनिला’ अजून सापडलेलं नाही. जोडाक्षरं आणि रफार तपासा, ‘ळ’ तपासा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे काकांनी त्या काळी सगळीकडे ‘दुसर्या’च टाइप केलंय, आणि काकूंच्या निम्म्या पाककृतींत पदार्थ दुसऱ्या दिवशीच मुरतो.

ते काका आता हातानं दुरुस्त करतायत. रोज दोन पानं. जुना सीपीयू टेबलाखालीच आहे, त्यावर काकूंनी विणलेला रुमाल.