ग्रॅनाडा व्हाया अकोट

स्पेनला जाऊन मी काय केलं? ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रात मान दुखेपर्यंत वर बघत फिरले. तिथल्या नासरी महालांच्या तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते, चुकली की गेली! आत भिंतीभर अरबी अक्षरं, वेलबुट्टीत अशी मिसळलेली की मजकूर कुठला नि नक्षी कुठली, कळत नाही. धडाधड फोटो अकोल्याला पाठवले. लगेच बाबांचा फोन, "बाप्पा! लय भारी हाय. पण आपल्या नरनाळ्याले गेलती काय वं कधी?"

नव्हते गेले. जन्म अकोल्यातला, नि नरनाळा अकोटच्या पुढे, सातपुड्यात. लाजच वाटली.

परतल्यावर पहिल्याच रविवारी दोघं गेलो. महाकाली दरवाजासमोर माझी बोलतीच बंद. पांढऱ्या वालुकाश्मात कोरलेली कमळं, बाजूंना सज्जे, वर अरबी लिपीतली ओळ. फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने हा १४८७ मध्ये बांधला. पुढे वऱ्हाडची इमादशाही त्याचीच, राजधानी अचलपूर (अमरावतीकरांनो, कॉलर ताठ करा). ग्रॅनाडाच्या सुलतानाने किल्ल्या सोपवल्या १४९२ मध्ये. म्हणजे तिकडे शेवटची घरघर चालू होती, तेव्हा आपला दरवाजा कोरा करकरीत होता!

फोटो काढताना मागे वळले, तर गुडघे धरून बाबा दगडावर टेकलेले.

"तू दहावीत होती तवाच आणाचं होतं तुले," ते म्हणाले. "पण तुह्ये क्लासेस होते."