आधी पापणी बघा, मग औषधाची बाटली उघडा

बेळगुंदी : पावसाळा लांबला की पश्चिम भागातल्या शेळीपालकांची एकच तक्रार ऐकू येते, "औषध पाजलं, तरी बकरं खंगतंय." मग दोष औषध दुकानदाराला. खरं तर गडबड बहुतेक वेळा आपल्या पाजण्याच्या पद्धतीत असते.

लेंडीत तांदळासारखे पांढरे तुकडे दिसले की लोक घाबरतात. ते पट्टकृमी. दिसतात म्हणून बदनाम. मोठ्या बकऱ्याचं ते फारसं बिघडवत नाहीत. जीव घेतो तो हिमोंकस, पोटाच्या चौथ्या कप्प्यात चिकटून रक्त पिणारा. हिशेब करा : एका किड्यामागे दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त जातं. हजार किडे म्हणजे ५० मिली. २० किलोच्या बोकडाच्या अंगात रक्तच मुळी दीड लिटरच्या आसपास! बरं, यात बहुधा हगवणही लागत नाही. जबड्याखाली पाणी उतरून सूज आली की मग धावपळ.

या जंताची मादी दिवसाला ५ हजारांवर अंडी घालते. उबदार ओलाव्यात आठवडाभरात अळ्या तयार होऊन दवाच्या गवतावर चढतात. राकसकोपकडची आपली ओली कुरणं म्हणजे त्यांचं माहेरच. दव सुकल्यावर कळप सोडला आणि झाडपाला जास्त दिला, तरी बराच फरक पडतो.

आता औषधाचं. वर्षानुवर्षं तेच औषध, सगळ्या कळपाला, वजन नजरेनं ठरवून. डोस कमी पडला की कच्चे जंत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. त्यात शेळीला मेंढीच्या मापाचा डोस बहुतेक औषधांत पुरत नाही; डॉक्टरांना विचारूनच माप ठरवावं.

दक्षिण आफ्रिकेत यावर पापणीच्या रंगाचा तक्ता निघाला. खालची पापणी उलटायची : लालभडक असेल तर सोडून द्या, फिकट किंवा पांढरी असेल तर औषध. निरोगी बकऱ्यांच्या पोटातले जंत औषधाला सरावत नाहीत, त्यामुळे पुढं तेच औषध चालतं. मात्र हा तक्ता रक्तपित्या जंतापुरताच. बाकीच्यांसाठी लेंडी तपासणी हवीच.

चंदगड किंवा निपाणीच्या बाजारातून आणलेलं बकरं थेट कळपात सोडू नका, त्याच्याबरोबर तिकडचे चिवट जंतही येतात. तीन-चार आठवडे वेगळं बांधा, लेंडी दवाखान्यात दाखवा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच आहे.

आणि बकरी ईदच्या तोंडावर बोकड विकायचा असेल, तर औषध पाजल्यावर किती दिवस तो कापायचा नाही, हे बाटलीवर छापलेलं असतं. गिऱ्हाईकाला ते सांगून द्या.