उकंडा, कवडू आणि पाळण्यातले अंतर

उकंडा, कवडू, धोंडबा, दगडू, कचरू, भिकाजी, नत्थू, फकिरा ही नावे वर्धा जिल्ह्यात आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत जुन्या पिढीत ऐकू येतात. माणूस वयाने आणि मानाने वाढला की उकंड्याचा उकंडराव होतो, नत्थूचा नत्थूजी. पन्नाशीच्या आतल्या माणसांत ही नावे विरळ आहेत आणि पाळण्यातल्या बाळांत जवळजवळ नाहीतच. त्यांच्या जागी आरव, विहान, ईश्वरी, स्वरा आले आहेत.

या नावांविषयी दोन मते सरसकट मांडली जातात. एक सुधारकी मत: ही नावे अडाणीपणाची खूण होती, शिक्षण आले, नावे गेली, प्रश्न मिटला. दुसरे हळवे मत: नावे साधी होती, माणसे साधी होती, घर मुलांनी भरलेले असे, आई दोन-दोन वर्षे अंगावर पाजत असे, त्यामुळे दोन मुलांतले अंतर निसर्गच राखत असे, पाळणा लांबवण्याचे शास्त्र सरकारने आणि डॉक्टरांनी नंतर आणले. एक मत नावाला हसते आणि दुसरे त्याचे कौतुक करते, पण उकंडा हे नाव ज्या घरात ठेवले गेले त्या घरात आधी काय झाले होते, हे दोघेही विचारत नाहीत.

आधी बहुधा एक मूल गेलेले असे, कधी दोन-तीन. मग पुढचे मूल जगावे म्हणून ते सुपात घालून क्षणभर उकिरड्यावर ठेवायचे आणि टाकलेले मूल म्हणून उचलून आणायचे. तो उकंडा किंवा कचरू. सुईणीला किंवा शेजारणीला मूल विकून कवडीच्या मोलाने परत घेतले की कवडू. मुलाचे नाक टोचून नथ घातली, म्हणजे मृत्यूला ती मुलगी वाटावी, की नत्थू. देवापुढे किंवा दारोदार पदर पसरून मिळवलेला भिकाजी, आणि पिराला बोललेल्या नवसाचा फकिरा. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि तिथे नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू-मुसलमान असा भेद दिसत नाही. अर्थात प्रत्येक नावामागे मेलेले भावंड शोधू नये. धोंडू हे नाव अधिक मासात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेल्यालाही ठेवत. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्याने काही उकंडे निव्वळ वारशाने उकंडे झाले.

हा सगळा व्यवहार अडाण्यांचा होता असे म्हणणाऱ्यांची पहिली अडचण ही की तो कोणत्याही एका जातीचा किंवा मुलखाचा नाही. कोकणातल्या शास्त्री-पंडितांच्या घरांतही धोंडो, भिकाजी, केरो ही नावे होती. पश्चिम आफ्रिकेतल्या योरूबा लोकांत वारंवार मरून पुन्हा त्याच आईच्या पोटी येणाऱ्या मुलाची कल्पना आहे आणि अशा मुलाला ‘पुन्हा जाऊ नकोस’ अशा अर्थाचे नाव ठेवतात. चीनच्या खेड्यांत मुलाला कुत्र्याने टाकलेले उष्टे म्हणण्याची रीत होती. एकमेकांना न पाहिलेल्या समाजांनी एकच तोडगा काढला, याचे कारण त्यांचे दुःख एक होते. दुसरी अडचण आकड्यांची आहे. 1951 च्या सुमारास भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे 146 पहिला वाढदिवस पाहत नसत. 2020 च्या नमुना नोंदणीत हा आकडा देशासाठी 28 आणि महाराष्ट्रासाठी 16 होता. नावे शाळेमुळे सुधारली, हे थोडेसे खरे असेल. पण मुले जगू लागल्यावर मृत्यूला फसवण्याची गरज उरली नाही, हे कारण अधिक जवळचे आहे.

हळव्या मताचे खंडन जरा सविस्तर करावे लागते, कारण त्यात अर्धे सत्य आहे. बाळ केवळ अंगावरच पीत असेल, आईची पाळी परत आलेली नसेल आणि बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर पुन्हा दिवस राहण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. 1988 मध्ये इटलीत बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतरही अंगावरचे दूध चालू राहिले तर बीजनिर्मिती काही काळ लांबू शकते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आणि लेकीला काही महिने तिथेच ठेवण्याची चालही अंतर वाढवणारीच होती. इथपर्यंत हळवे मत बरोबर आहे.

पण ही व्यवस्था बाळ जिवंत असेपर्यंतच चालते. बाळ दगावले की दूध आटते, पाळी परत येते आणि घरात पुढच्या मुलाची घाई सुरू होते. ज्या आईला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, तिलाच सगळ्यात लवकर दिवस जातात. घाईने राहिलेला गर्भ अशक्त आईच्या पोटात वाढतो: रक्तातले लोह आणि फोलेट भरून निघालेले नसते, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होते आणि तेही जाण्याचा धोका वाढतो. मग तिसऱ्याला सुपात घालून उकिरड्यावर न्यायचे. म्हणजे निसर्गाने राखलेले अंतर ज्या घरांत मोडले, तीच ही उकंड्या-कवडूंची घरे. जुनी नावे आणि जुने अंतर यांची एकत्र आठवण काढून उसासा टाकणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही की पहिली गोष्ट दुसरीच्या अभावातून आली.

अंतर कमी असल्याचा फटका पाठच्या मुलाइतकाच आधीच्यालाही बसतो. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, पाहिलेल्या कुपोषणाच्या एका प्रकाराला 1935 मध्ये वैद्यकात ‘क्वाशिओरकोर’ हे नाव मिळाले. ते तिथल्या गा भाषेतले असून, नवे बाळ आल्यावर आईच्या दुधावरून हटलेल्या मुलाचे ते दुखणे आहे. विदर्भात पोट पुढे आलेले, पाय सुजलेले, किरकिरे थोरले भावंड ओळखायला या शब्दाची गरज कधी पडली नाही.

आता नाव बदलून प्रश्न सुटतो का, हे पाहायला साताऱ्याइतके चांगले उदाहरण नाही. पश्चिम महाराष्ट्रात मुलींवर मुली झाल्या की शेवटचीचे नाव नकुसा किंवा नकोशी ठेवत. 22 ऑक्टोबर 2011 रोजी सातारा जिल्ह्यात समारंभपूर्वक अशा अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. समारंभ चांगलाच झाला. वर्गात हजेरीच्या वेळी रोज ‘नको’ ऐकण्यातून त्या मुली सुटल्या, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. नकोशी हे नाव अंगावर घेऊन जगणाऱ्या मुलीपेक्षा न जन्मलेली मुलगी वाईट अवस्थेत आहे आणि तिचे नाव कोणाला बदलता येत नाही. मुलगी झाल्यावर मुलग्यासाठी पुढची गर्भधारणा लवकर होते आणि त्यामुळे मुलीचे अंगावरचे दूधही लवकर तुटते, असे भारतातल्या कुटुंब-पाहण्यांच्या आकडेवारीत दिसते. त्याच सातारा जिल्हा परिषदेने 2007 मध्ये दुसरी एक योजना काढली होती: लग्नानंतर पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्याला 5000 रुपये, तीन वर्षे लांबवल्यास 7500. वर्तमानपत्रांनी तिला ‘हनिमून पॅकेज’ म्हणून थट्टेवारी नेले. नामकरणाच्या सोहळ्याइतकी ती देखणी नव्हती, पण नेम अधिक अचूक होता.

पाळणा लांबवणे हा बाहेरून आलेला विचार आहे, ही आणखी एक समजूत वर्ध्यात तरी टिकू नये. डिसेंबर 1935 मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या. गांधीजी तेव्हा मगनवाडीत राहत होते. शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, ते 1936 मध्ये गेले. या भेटीचा उल्लेख नेहमी गांधीजी संततिनियमनाविरुद्ध होते याचा पुरावा म्हणून होतो. ते चूक आहे. मुले थोडी असावीत, स्त्रीने वारंवार बाळंत होऊ नये, हे दोघांना मान्य होते. वाद साधनांचा होता. गांधीजींना संयम हवा होता आणि स्त्रियांनी नवऱ्याला नकार द्यायला शिकावे असे त्यांचे म्हणणे होते. महिन्यातले सुरक्षित दिवस पाळण्याच्या रीतीला त्यांचा विरोध त्यामानाने सौम्य होता. नकाराचा हक्क बोलून दाखवणे त्या काळात मोठेच होते. तरी ज्या सुनेला सासरी जेवणाची वेळ ठरवता येत नाही, तिच्या हाती केवळ नकार देऊन तिला वाऱ्यावर सोडणे हा त्या भूमिकेतला कच्चा दुवा राहतो.

तो दुवा मुंबईत एका मराठी गृहस्थाने आधीच ओळखला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांची आई राधाबाई 1891 मध्ये बाळंतपणातच गेली होती. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत प्रभाकर रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्याच्या बाजूचे डॉ. आंबेडकरांचे भाषण सभागृहात वाचून दाखवण्यात आले आणि ठराव फेटाळला गेला. गांधीजींच्या आश्रमातल्या डॉक्टर सुशीला नायर पुढे 1962 ते 1967 या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. त्याच काळात गर्भाशयात बसवायच्या लूपचा कार्यक्रम सुरू झाला आणि कुटुंबनियोजनाचा स्वतंत्र विभागही निघाला. 1969 मध्ये त्यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. मगनवाडीतला वाद त्याच परिसरात, त्याच माणसांच्या हातून, असा निम्मा निकाली निघाला.

निम्माच, कारण कुटुंब लहान झाले याचा अर्थ पाळणा लांबला असा होत नाही, आणि ही गल्लत आज सगळ्यात महाग पडते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 आहे, म्हणजे दर स्त्रीमागे दोनही मुले नाहीत. पण त्याच पाहणीत 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे; पुरुषांची एक टक्क्याहूनही कमी. तांबी, गोळ्या, इंजेक्शन यांचा वाटा त्या मानाने फार थोडा. रीत सरळ आहे: विशीच्या आत-बाहेर लग्न, पाठोपाठ दोन मुले, पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. मुले दोनच, पण दोन्ही चार वर्षांच्या आत. याच राज्यात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. ऑपरेशन हे थांबण्याचे साधन आहे, अंतर ठेवण्याचे नाही. ते झाल्यावर अंतराचा प्रश्नच संपतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या बाजूने संपतो. ‘दोघेच आहेत ना, मग झाले’ हे बाळंतिणीच्या खाटेशी नेहमी ऐकू येणारे वाक्य याच गल्लतीतून येते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये दिलेला सल्ला असा की जिवंत बाळ जन्मल्यावर पुढचा गर्भ निदान 24 महिने राहू नये. म्हणजे दोन जन्मांत साधारण पावणेतीन वर्षे पडतात. गर्भपातानंतर निदान सहा महिने. यासाठी लागणारी साधने सरकारी यंत्रणेत आहेत. बाळंतपण झाल्याबरोबर, वार पडल्यानंतर, दवाखान्यातच तांबी बसवता येते. 2017 च्या सुमारास आलेले ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. ‘छाया’ गोळीत संप्रेरक नसते. तिचे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले आहे. ती सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घेतात. लग्नानंतर दोन वर्षे आणि पहिल्या बाळानंतर तीन वर्षे पाळणा लांबवायला जोडप्याला मदत केल्यास आशाताईला प्रत्येकी 500 रुपये देण्याची केंद्राची योजना 2012 पासून आहे. अडते ते निर्णयापाशी: तांबीमुळे कंबर धरते, पोटात चढते असे सासू-जावांच्या बोलण्यात असते, आणि नवरा त्या चर्चेत सहसा नसतो. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने पाळीत जास्त अंगावर जाऊ शकते, हे आधी सांगितले तर ती काढायला येणाऱ्या बायका कमी होतील. पोटात चढण्याच्या गोष्टीला मात्र आधार नाही; तांबी क्वचित सरकते किंवा पडते, म्हणून दोऱ्याची तपासणी ठेवलेली असते.

अंतराच्या बाजूने बोलताना एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. लग्न उशिरा झालेल्या, पस्तिशीकडे आलेल्या स्त्रीला दोन-अडीच वर्षे थांबायला सांगणे नेहमी शहाणपणाचे नसते. कॅनडातल्या सुमारे दीड लाख गर्भधारणांच्या 2018 मधल्या अभ्यासात बारा ते अठरा महिन्यांचे अंतर बहुतेक वयांना पुरेसे सुरक्षित दिसले. मात्र त्या स्त्रियांचे पोषण आणि दवाखाने हिंगणघाटच्या कापूस वेचणाऱ्या मजुरणीचे नव्हते. पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले असेल तर सवलत आणखी कमी होते: गर्भाशयावरची शिवण भरून यायला वेळ लागतो आणि दीड वर्षाच्या आत पुन्हा प्रसूती झाल्यास कळांच्या वेळी ती उसवण्याचा धोका वाढतो.