मेस्त्रींचे बूश

यंदा गणपती झाल्यावर एका रविवारी ओझरच्या विघ्नहराला जायचे ठरले, तेही भाच्याच्या मोटारसायकलवरून. गाडी येझदी, त्याच्या वडिलांची. वडील गेले, गाडी राहिली. मैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. भाच्याने मात्र गाडी बंद पडू दिलेली नाही.

पण विघ्नहराच्या वाटेवरच विघ्न आले. नारायणगावजवळ गाडीचा मागचा भाग डुलू लागला. भाचा उतरून म्हणाला, "मामा, चिमट्याचं बूश गेलं." मागचे चाक ज्या चिमट्यात बसते, त्याच्या सांध्यातली ही धातूची लहानशी नळी. ती झिजली की सारी गाडी लटपटते.

सुदैवाने एक वर्कशॉप उघडे होते. भाच्याने जुने बूश पुढे करून म्हटले, "असंच एक करून द्या."

"असंच केलं तर असंच डुलेल!" मेस्त्री हसले. "झिजलेल्याचं माप खोटं बोलतं. माप घ्यायचं ते पिनेचं, आणि ज्या घरात बूश बसतं त्या घराचं."

मग त्यांनी गनमेटलचा तुकडा लेथवर चढवला. पिवळा कीस भुरूभुरू उडू लागला. बाहेरून बूश घरापेक्षा केसभर मोठे ठेवले, म्हणजे ते घट्ट बसावे. दाबून बसवताना आतले भोक किंचित आवळते, म्हणून रीमर शेवटी फिरवला आणि पिनेला ग्रीसपुरती जागा ठेवली. दोन तास गेले. मी विचारले, "हाताखाली कोणी नाही?"

"मुलगा चाकणला कंपनीत आहे. तिथं मशीनच सगळं करतं. त्याला इथं कशाला बसवू?"

यावर मला उत्तर सुचले नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावची, हकिकत मात्र आठवली. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून, साठेक हजार रुपयांत, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी घडवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे कौतुक देशभर झाले. आनंद महिंद्रांनी त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. पण अशी गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, हेही त्यांनीच म्हटले होते.

ते खरेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याने दिलेल्या गाडीचे मूळ रूप मनाला येईल तसे बदलू देत नाही. झिजलेल्या बूशच्या जागी त्याच मापाचे बूश घालणे ही दुरुस्ती. सांगाडा कापून नवीच गाडी उभी करणे हा बदल. रस्त्यावर इतरांची मुलेबाळेही असतात, तेव्हा हा निर्बंध हवाच. पण कायदा गाडीला अडवतो, हाताला नाही. हाताला अडवतो तो आपणच. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, आणि मुलाने लेथवर काम शिकतो म्हटले की घरात सुतक पडते!

दुपारी ओझरला पोहोचलो. वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी या देवळाच्या शिखराला सोन्याचा पत्रा चढवला, असे सांगतात. चिमाजीअप्पांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. तो पत्रा ठोकणारा कारागीर कोण, ते कोणी सांगत नाही. भाच्याचे तिकडे लक्ष नव्हते. तो खिशातले जुने बूश बोटांनी चाचपत होता.

दसऱ्याला त्याने दोन हार आणले. एक येझदीला घातला आणि दुसरा घेऊन नारायणगाव गाठले. मेस्त्रींनी तो लेथला घातला, आणि जरा वेळाने विचारले, "रविवारी मोकळे असता का?"

आता दर रविवारी स्वारी तिकडे असते. ताई कुरकुरते, कपड्यांचे ग्रीस काही केल्या निघत नाही. मी तिला म्हटले, "राहू दे गं. दाजींच्या कपड्यांचं तरी कुठे निघत होतं?"