दूरचा सूर, घरची खरखर

आमच्या घरी माजघराच्या कोनाड्यात एक जुना रेडिओ असे. संध्याकाळी बातम्यांची वेळ झाली की वडील त्याच्यापुढे बसत आणि कुणी बोलू नये अशी बोटाने खूण करीत. पुढे घरात मिक्सर आला. तो नेमका बातम्यांच्या वेळी सुरू झाला म्हणजे रेडिओतून खरखर उसळे आणि निवेदकाचे शब्द तीत बुडून जात. वडील चिडत नसत. एवढेच म्हणत, "मुंबईचे स्टेशन इथवर येऊन पोचते, पण आपल्याच स्वयंपाकघरापुढे हात टेकते!"

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची मुले घेऊन खोडदला जाण्याचा योग आला, तेव्हा हे वाक्य अनेकदा आठवले. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावाहून आत वळले की खोडद लागते. तिथे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजे जीएमआरटी ही अवाढव्य रेडिओ दुर्बीण उभी आहे. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तिची दारे शाळांसाठी उघडतात. पेडण्याहून आमची बस रात्री निघाली आणि सावंतवाडी मागे टाकून आंबोलीचा घाट चढू लागली.

घाटात मुले जागीच होती, म्हणून त्यांना त्या रानाची गोष्ट सांगितली. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी याच आंबोलीच्या जंगलातून गोमंतकाच्या मुक्तीसाठी गुप्त रेडिओ केंद्र सुरू केले. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूस हलले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत त्याचा आवाज थांबला नाही. पोर्तुगीज अमलात तो ऐकणे धोक्याचे होते. दारे-खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून माणसे रेडिओला कान लावून बसत. क्षीण आवाज ऐकण्यासाठी आधी आपले घर शांत करावे लागते, हा धडा आमच्या वडीलधाऱ्यांनी असा गिरवला होता. खोडदला मुलांना तोच धडा आकाशाच्या पाटीवर पाहायचा होता.

दुर्बीण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नळी आणि भिंगे येतात. येथे भिंग नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्यांतल्या १४ सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फाकलेल्या शाखांवर, पार पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत. त्यांचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नसून बारीक तारांच्या जाळीचा आहे. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून थाळी हलकी आणि स्वस्त झाली. रेडिओ लहरी मात्र जाळीतून निसटत नाहीत, कारण त्यांची लांबी जाळीच्या छिद्रांहून कितीतरी मोठी असते. ही युक्ती प्रा. गोविंद स्वरूप यांची. कल्याणला १९६५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ३२ लहान थाळ्यांनी त्यांनी आरंभ केला, १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली आणि त्यानंतर खोडदचे हे काम हाती घेतले. ७ सप्टेंबर २०२० रोजी ते निवर्तले.

थाळी ही केवळ ओंजळ होय. ओंजळीत आलेले पाणी चाखून पाहणारी जीभ वेगळी, आणि ती थाळीच्या नाभीपाशी उंचावर बसविलेली असते. तिलाच आपण ग्राही यंत्र म्हणू. या दुर्बिणीचा खरा कस येथेच लागतो, कारण तिने मुद्दाम कमी वारंवारतेच्या, म्हणजे लांब लहरी ऐकण्याचे व्रत घेतले आहे. १५० मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांब, तर ५० मेगाहर्ट्झची सहा मीटर. विश्वात सर्वत्र भरलेल्या हायड्रोजनचा स्वर मुळात १४२० मेगाहर्ट्झचा आहे. परंतु विश्व प्रसरण पावत असल्यामुळे फार दूरच्या, म्हणून फार पुरातन काळच्या हायड्रोजनचा स्वर वाटेत ताणला जातो आणि खर्जात उतरतो. विश्वाचे बालपण ऐकायचे तर खर्जच ऐकला पाहिजे.

आणि खर्जातच अडचणी फार. लहर जितकी लांब तितकी तिला पकडणारी दांडी मोठी हवी. ५० मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे तीन मीटरची लागते, आणि तीही उंचावर, वाऱ्यापावसात, इतर यंत्रांच्या गर्दीत बसवायची. शिवाय आपल्या आकाशगंगेची स्वतःची खरखर कमी वारंवारतेकडे झपाट्याने वाढते. १५० मेगाहर्ट्झच्या मानाने ५० मेगाहर्ट्झला ती पंधरा पटींच्या घरात जाते. त्यातच माणसाची प्रसारणे याच प्रदेशात गजबजलेली. दूरच्या दीर्घिकेच्या कुजबुजीपुढे एफएमचे गाणे म्हणजे कानाशी वाजणारा ढोल! तो ढोल आत शिरला तर नाजूक यंत्र गांगरते आणि कुजबुजही विकृत करून टाकते. म्हणून यंत्राच्या दारातच गाळण्या बसवाव्या लागतात, आणि कोणती वाट मोकळी ठेवायची व कोणती बंद करायची, याचा आराखडा आधी कागदावर करावा लागतो.

मूळ यंत्रणेत एका वेळी जास्तीत जास्त ३२ मेगाहर्ट्झ रुंदीची खिडकी उघडत असे. पुढील सुधारणेत ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावली आणि १२० ते १४५० मेगाहर्ट्झचा बहुतेक प्रदेश कवेत आला. हे काम २०१९ च्या सुमारास पुरे झाले. मौज अशी की त्यासाठी दुर्बीण बंद ठेवली नाही. नवे यंत्र आधी मोजक्या थाळ्यांवर बसवायचे, तपासायचे, आणि पसंतीस उतरले तरच पुढच्या थाळ्यांवर चढवायचे. नांदत्या घराचे छप्पर शाकारावे, तसा हा प्रकार. ५० मेगाहर्ट्झचे ग्राही यंत्र बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने तयार करून चार थाळ्यांवर बसवून पाहिले होते. ३० थाळ्यांच्या दुर्बिणीत आरंभ चारांपासूनच करावा लागतो, हे मला शिक्षक म्हणून फार भावले.

प्रदर्शनात एक तरुण अभियंता ही तपासणी समजावून देत होता. आधी थाळी परिचित, ठळक स्रोताकडे वळवायची. उदाहरणार्थ, शर्मिष्ठा नक्षत्रातील स्फोट पावलेल्या ताऱ्याचे अवशेष. मग ती जवळच्या रित्या आकाशाकडे वळवायची आणि दोन्हींतला फरक मोजायचा. अपेक्षेइतका फरक आला तर यंत्र निकोप. कमी आला तर दोष शोधायचा. कुठे सैल जोड, कुठे गंजलेला खिळा, तर कुठे विजेच्या तारेवर उडणारी ठिणगी.

तेवढ्यात आमच्या शाळेची एक मुलगी पुढे झाली. कायम शेवटच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिने विचारले, "सर, आभाळातला आवाज कुठला नि यंत्राचा स्वतःचा कुठला, हे तुम्हांला कसं कळतं?"

तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाळ, आमचं निम्मं काम याच प्रश्नाचं आहे. एकच थाळी असेल तर सहज कळत नाही. म्हणून दोन थाळ्यांची साक्ष घ्यायची. प्रत्येकीची खरखर तिची स्वतःची, दुसरीत ती नसते. दोघींचं म्हणणं ताडून पाहत राहिलं की ज्याचं त्याचं खोटं गळून पडतं. दोघींनी मिळून ऐकलेलं उरतं, ते आकाशाचं."

या साक्षीचे मोल १९ ऑक्टोबर २०१६ रोजी दिसले. युरोपचे 'शियापरेली' यान मंगळावर उतरत असता त्याचा अत्यंत दुबळा संदेश ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास येणार होता. जुन्या अरुंद खिडक्यांत तो बसत नव्हता. २५० ते ५०० मेगाहर्ट्झच्या नव्या ग्राही यंत्रांना तो सापडला. कोट्यवधी किलोमीटरवरून आलेला तो आवाज जुन्नर तालुक्यात ऐकला गेला. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात तो एकाएकी थांबला. यान आदळून नष्ट झाले होते. शेवटपर्यंत कान देऊन कुणीतरी होते, एवढे खरे.

हे ऐकणे फुकटचे नाही. आवारात शिरताना आमचे मोबाइल बंद करायला लावले, ते क्षुल्लक. भोवतालच्या मुलखाला मात्र उद्योगांवरील बंधने सोसावी लागतात. पुणे-नाशिक या नियोजित लोहमार्गाची आखणीही दुर्बिणीस बाधा येऊ नये म्हणून बदलावी लागणार, असे २०२४ साली रेल्वेमंत्र्यांनी सांगितले. नारायणगावच्या शेतकऱ्याला आपले टोमॅटो लवकर बाजारात जावेत असे वाटले, तर त्यात त्याची चूक ती काय? डिचोलीच्या खाणपट्ट्यात आणि मोपाच्या विमानतळाभोवती राहणाऱ्या आम्हांला विकासाचे हिशेब किती गुंतागुंतीचे असतात हे ठाऊक आहे. येथे वेगळे इतकेच की त्या लोकांनी गमावलेली वस्तू दिसते आणि जपलेली शांतता दिसत नाही. निदान त्या शांततेत काय ऐकू येते, ते मराठी भाषेत, त्यांच्या ओसरीवर जाऊन पुन्हा पुन्हा सांगणे, हे आपणा शिकल्यासवरलेल्यांचे देणे लागते.

परतीच्या प्रवासात बस झोपली होती. मी जागा होतो. ती मुलगी आमच्या शाळेत चार वर्षे होती, आणि तिचा इतका नेमका प्रश्न मी प्रथमच ऐकला होता. तिला आवाज नव्हता असे कसे म्हणावे? आमच्या वर्गांत सूचना, तास, शेरे, परिपत्रके यांची खरखर अखंड चालू असते, आणि तिचा उगम बहुधा खुर्चीवर बसलेल्या माणसापाशीच असतो. तेव्हापासून नव्या वर्गात गेलो की पहिला तास मी कमी बोलतो. सवय जुनी आहे, पुरती सुटलेली नाही. पण यंत्र तपासायला घेतले आहे.