एंजलला थंडी वाजते तेव्हा...

कबूल करते, मी एका माशाचा खून केलाय. तोही रविवारी सकाळी, चांगल्या मूडमध्ये, एफएम ऐकत!

झालं काय, माझी रूममेट नोकरीसाठी बंगलोरला गेली आणि तिचा ६० लिटरचा टँक माझ्या गळ्यात पडला. आत चार एंजल. 'दर रविवारी थोडं पाणी बदल, बस्स,' एवढीच इन्स्ट्रक्शन. डिसेंबरची सकाळ. मी उत्साहाच्या भरात अर्धा टँक रिकामा केला आणि गच्चीवरच्या टाकीचं गारेगार पाणी बादलीने धबाधब ओतलं. काच कशी चकाचक! संध्याकाळी मात्र एंजल पंख मिटून तळाशी. दोन दिवसांनी अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि शुक्रवारी एक गेला. रूममेटला फोन करताना माझी काय अवस्था झाली, विचारू नका.

नंतर गणित केलं. टँकमध्ये २८ अंशांचं पाणी, बादलीत २० अंशांचं. अर्धं बदललं की टँक थेट २४ वर! मासा थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं. आपल्यासारखी आतली हीटिंग सिस्टीम नाही त्याला. अशा धक्क्याने त्याची प्रतिकारशक्ती ढासळते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी टपलेलाच असतो. हेच मी पाव टँक बदलला असता, तर पारा फक्त दोन अंशांनी उतरला असता.

मे महिन्यात मालवणला गेले. मामेभावाकडेही टँक! भर दुपारी पापक्षालन म्हणून मी गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला, तर हाताला चटका. तेवढ्यात आजी ओरडली, "काय करतंस गो? बावडेचा पाणी काढून ठेव. रातभर घरात ऱ्हवांदे, मगे वत. पाण्याक पाणी वळखूक होया!"

ऐकलंत? आजीने थर्मामीटर आयुष्यात वापरला नसेल, पण मुद्दा पक्का. आणि गरम पाण्याचा धोका तर डबल. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे माशाला श्वास हवा जास्त आणि हवा मिळते कमी!

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग केलं. १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालेला हा भाग. खाली प्रवाळ, त्यात लपाछपी खेळणारे मासे. एकदम वाटलं, हाही टँकच की, फक्त याचं पाणी कुणी बादलीने बदलत नाही. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, तरी प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८, २०१०, २०१६ मध्ये जगभर हे झालं आणि २०२४ मध्ये पुन्हा जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. मालवणच्या प्रवाळातही ब्लीचिंगच्या नोंदी आहेत. आपण म्हणतो, 'एक डिग्रीने काय होतं?' माझ्या एंजलला विचारा!

असो. समुद्राचा नळ आपल्या हातात नाही, घरातल्या टँकचा आहे. तेव्हा:

* एका वेळी पाव टँकच बदला, अर्धा नको.
* पाणी आदल्या रात्री बादलीत भरून टँकशेजारी ठेवा. नळाचं असेल तर डीक्लोरिनेटर विसरू नका.
* दोन्हीकडे थर्मामीटर बुडवा. फरक एक-दोन अंशांपेक्षा जास्त नको.
* ओतताना मग वापरा, हळूहळू. बादली उपडी करू नका.
* पाणी काढण्याआधी हीटरचा स्विच बंद. कोरडा पडला तर काच तडकते.

उरलेले तीन एंजल मजेत आहेत. रविवारी एफएम अजूनही लागतो, फक्त बादली शनिवारी रात्रीच भरलेली असते!