विद्यार्थ्यांचे लक्ष आणि मक्तेदारांचा नफा

माध्यमिक शाळांतील विद्यार्थी अभ्यासात मागे पडले की दोष त्यांच्या आळसावर आणि पालकांच्या बेफिकिरीवर ढकलण्याची रीत पडली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे.

२०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो शैक्षणिक कामासाठी वापरला. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्गच फोनमध्ये गेला. पुढे शाळा उघडल्या. फोन मात्र घरात राहिला आणि त्याच्यामागून बाजारही आला.

या माध्यमांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे. मूल पडद्यापुढे जितके खिळून राहील, तितका नफा अधिक. म्हणूनच चित्रफितींना शेवट नसतो व सूचनांचा घंटानाद थांबत नाही. अभ्यासाला लागणारी एकाग्रता हाच या उद्योगाचा कच्चा माल होय.

ही हानीही सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. इंग्लंडमधील शाळांतील फोनबंदीचा जो अभ्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने २०१५ साली प्रसिद्ध केला, त्यात बंदीचा सर्वाधिक लाभ अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाल्याचे दिसले; पुढे असलेल्यांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, शिकवणी आणि देखरेख आहे तो सावरतो. ज्याचे आईबाप दिवसभर मजुरीवर असतात, त्याला सावरणार कोण?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांच्या खात्यांना बंदी केली व दंडाची जबाबदारी पालकांवर नव्हे, कंपन्यांवर टाकली. भारतात २०२३ च्या कायद्याने मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली. परंतु नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी १८ महिन्यांची सवड देण्यात आली. कंपन्यांना सवड मिळते; दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलाला ती मिळत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सायंकाळी ७ ला भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. एकट्या घराला जे जमत नाही, ते सामूहिक निर्णयाने साधते, हा त्याचा धडा आहे. तथापि जगभर पसरलेल्या मक्तेदारीला एका गावाचा भोंगा पुरा पडणार नाही. कंपन्यांवर कायद्याचा अंमल हवा. शाळेत पुरेसे शिक्षक, वाचनालय आणि मैदान हवे. मुलाच्या हातातला फोन काढून घ्यायचा, तर त्या हाती काय द्यायचे, याचे उत्तर शासनाला द्यावेच लागेल.